ठाण्याहून एकट्याने कळसूबाई: पहिल्या सोलो ट्रिपची आखणी, परतीपासून सुरुवात करून

कळसूबाईच्या पहिल्या एकट्याच्या सहलीत चढाई फसल्याचं क्वचितच ऐकू येतं. फसतं ते परतणं. माणूस दुपारी अडीचला माथ्यावर पोचतो, खाली येईपर्यंत सहा वाजतात, पायथ्याच्या बारी गावात शेअरची जीप उरलेली नसते, आणि शेअरच्या भाड्यात व्हायचा प्रवास स्पेशल गाडीच्या भावावर जातो. नाहीतर कसाऱ्याला पोचल्यावर कळतं, लोकल आत्ताच सुटली आणि पुढची इतक्यात नाही. ठाणेकराला दर चार मिनिटांनी गाडीची सवय असते, तिथे खरी गोची होते.

म्हणून हा लेख परतीच्या गाडीपासून मागे मोजत आखणी कशी करायची याचा आहे. ठाणे, कळवा, डोंबिवली, वाशी, नेरूळ इथून निघणाऱ्या, आधी ग्रुपबरोबर एखाददुसरा ट्रेक केलेल्या किंवा अजिबात न केलेल्या, पण रोज थोडंफार चालणाऱ्या माणसासाठी. उंची १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तरी वाट मळलेली आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे पहिल्या एकट्या फेरीला हा डोंगर चांगला. पावसाळा सोडून.

१. दिवस निवडा

पहिली एकट्याची फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. ऑक्टोबरात पाऊस लांबलेला असू शकतो. मार्चपासून ऊन असं लागतं की जादा पाण्याचं ओझंच दमवतं. पावसाळ्यात हिरवाई असते हे खरं, पण निसरडे दगड, धुकं आणि शिड्यांखाली तासतासभर लागणारी रांग या तिन्ही गोष्टी वेळापत्रकाचा बट्ट्याबोळ करतात.

वार कोणता? एकटे जाताय म्हणून शांत मधला वार निवडायचा मोह होईल. तसं करू नका. कसाऱ्याहून शेअर जीप भरते ती ट्रेकर असतात म्हणून. मंगळवारी-बुधवारी जीपवाला तुमच्या एकट्यासाठी निघणार नाही, आणि निघाला तर पूर्ण गाडीचे पैसे घेईल. वाटेवर माणसांचा राबताही शनिवार-रविवारीच जास्त. त्यातही शनिवार बरा. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि सोमवारी ऑफिसात पायऱ्या उतरताना मांड्या काय बोलतात ते वेगळंच.

नवरात्रात कळसूबाईची मोठी जत्रा असते. देवीच्या दर्शनाला जायचं तर जरूर जा, पण पहिल्या सोलो ट्रेकसाठी ते नऊ दिवस नकोत.

तपासा: आदल्या संध्याकाळी मध्य रेल्वेचा आणि ट्रान्सहार्बरचा (ठाणे ते वाशी-पनवेल मार्गाचा) ब्लॉक बघा. दिवसाच्या ब्लॉकने पहाटेचं फारसं बिघडत नाही. रात्रीचा ब्लॉक असेल तर पहाटेच्या पहिल्या गाड्यांवर परिणाम होऊ शकतो.

२. घड्याळ उलटं मोजा

कागद घ्या आणि खालून वर लिहा. ठाण्याहून जाणाऱ्यासाठी हिवाळ्यातला हिशेब साधारण असा बसतो.

कसाऱ्याहून संध्याकाळी सातच्या आसपासची लोकल धरायची. बारी ते कसारा रस्त्याने दीड तास, वर अर्ध्या तासाची सूट. म्हणजे बारीतून पाचला गाडी हलली पाहिजे. त्यासाठी साडेचारला तुम्ही गावात हवेत. उतरायला अडीच ते तीन तास, म्हणजे माथा दीडला सोडायचा. चढायला साडेतीन तास आणि वर अर्धा-पाऊण तास धरला, तर सव्वानऊला पाय वाटेला लागले पाहिजेत. बारीत नऊला, कसाऱ्यात सातला. ठाणे ते कसारा लोकलला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. म्हणून ठाण्याहून सव्वापाचच्या आसपासची कसारा लोकल.

त्या सुमाराच्या गाडीची नेमकी वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघून कागदावर लिहा. परतीच्या, संध्याकाळच्या ओळीने तीन गाड्याही लिहून ठेवा. तीन अशासाठी, की पहिली चुकली तर किती वेळ बसायचंय ते आधीच कळतं.

आता या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची वेळ: दुपारी एक. एक वाजेपर्यंत माथा गाठला नसेल, तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. शेवटची शिडी समोर दिसत असली तरी. ही वेळ घरी बसून ठरवायची असते, कारण डोंगरावर प्रत्येक जण "अजून वीसच मिनिटं" असं सांगतो आणि उतरणाऱ्यांची वीस मिनिटं ही चढणाऱ्यांची चाळीस असतात.

सावधान: रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने जाऊन अंधारात चढून सूर्योदय बघायचा बेत ग्रुपमध्ये लोकप्रिय आहे. एकट्याने, पहिल्यांदा, तो करू नका. झोप नाही, स्टेशनवर रात्रीची वाट बघणं, अंधारात वाट. पहाटच हवी असेल तर आदल्या संध्याकाळी बारीत मुक्काम करा. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. फोनवर आधी बोलून दर आणि जेवणात काय काय आहे ते पक्कं करा.

३. पाय आणि बूट

बारीपासून माथ्यापर्यंत आठशे-साडेआठशे मीटर चढ आहे. तीन मीटरचा एक मजला धरला तर पावणेतीनशे मजल्यांच्या आसपास. घोडबंदर रोडवर किंवा खारघरला वीसमजली टॉवरात राहत असाल तर सराव दारातच आहे. आधीचे तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा जिने चढा. आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. गुडघे आणि मांड्या बोलतात त्या उतरताना, आणि नेमका तोच सराव सगळे टाळतात. शेवटच्या आठवड्यात पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची सॅक घेऊन करा.

नवे बूट घालून जाऊ नका. निदान पंधरा दिवस बाजारहाटाला, स्टेशनपर्यंत घालून मऊ करा. तळ गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज त्याहून वाईट, कारण हिवाळ्यात या वाटेवर सुकी माती आणि बारीक खडीचा घसारा असतो. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. लांब नखं उतरताना बुटाच्या टोकावर आपटून काळीनिळी होतात.

४. सॅक

वीस-पंचवीस लिटरची सॅक पुरते. तीन लिटर पाणी, दोन-तीन बाटल्यांत वाटून. वाटेवर सुट्टीच्या दिवशी लिंबू सरबत, भजी, मॅगीचे टपरीवाले असतात, पण त्यांच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नका. ओआरएसची दोन पाकिटं. खायला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, चिक्की, संत्री. दहीभात आणि ओल्या चटणीची सँडविचेस घरी ठेवा, उन्हात दुपारपर्यंत टिकत नाहीत.

बाकी: टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ विंडचीटर, बँडेड आणि क्रेप बँडेज, नेहमीची औषधं, पॉवर बँक, शिट्टी, ओळखपत्र. आणि टॉर्च. दिवसाउजेडी परतणार असलात तरी टॉर्च. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे, कारण तो लावला की फोन संपतो, आणि शिडीवर दोन्ही हात लागतात. डोक्याला बांधायचा हेडटॉर्च घ्या.

हातात पिशवी नको. अगदी टिफिनचीही. माकडं प्लॅस्टिकची कुरकुर लांबून ओळखतात.

तपासा: भरलेली सॅक पाठीला लावून खाली वाका. काही बाहेर लोंबत असेल, बाटली बाजूच्या खिशातून निसटत असेल, तर आत घाला. शिडीवर वरच्याची बाटली खालच्याच्या डोक्यात पडते.

५. पैसे

एक हजार ते बाराशे रोख घ्या, सुट्ट्यांसह. लोकलचं जाणं-येणं सेकंड क्लासने शंभराच्या आत होतं. खरा खर्च जीपचा, आणि तो भाव ठरवण्यावर आहे. जेवण-चहाला दोन-अडीचशे. गावात प्रवेशाची पावती फाडावी लागली तर सुट्टे लागतात. यूपीआय चालतं, पण रेंज नसेल तिथे चालत नाही.

यातली पाचशेची एक नोट घडी घालून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि ती नाहीच असं समजा. शेवटची शेअर गाडी चुकली तर ती आहे. एकट्याचा स्वस्त प्रवास म्हणजे कमीत कमी पैसे नेणं नव्हे. अडकलेल्या माणसाकडून कुणीही जास्त घेतो.

६. घरी काय सांगायचं

"ट्रेकला जातोय, रात्री येतो" एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. एका माणसाला, जो फोन उचलतो अशाला, आदल्या रात्री हा मजकूर पाठवा:

"ताई, उद्या शनिवारी कळसूबाई, एकटाच. पहाटेच्या लोकलने कसारा, तिथून जीपने बारी गाव. बारीच्याच वाटेने चढणार, त्याच वाटेने उतरणार. माथा गाठला नाही तरी दुपारी एकला मागे फिरणार. साडेचारपर्यंत बारीत उतरून फोन करतो. मध्ये रेंज नसेल, काळजी नको. सातपर्यंत फोन आला नाही तर आधी जीपवाल्याला लाव, नंबर सकाळी पाठवतो. तोही लागला नाही तर ११२."

यात वाट आहे, वेळ आहे, आणि काळजी कधी सुरू करायची तेही आहे. शेवटचं सगळ्यात उपयोगी. नाहीतर आई दुपारी बारालाच सुरू करते.

७. ठाणे ते कसारा

नवी मुंबईकरांनी आधी एक बघायचं: तुमच्या स्टेशनची पहाटेची ट्रान्सहार्बर ठाण्याला कसारा लोकलच्या आधी पंधरा मिनिटं तरी पोचते का? ठाण्यात ९, १० नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पुलावरून पलीकडे जायला वेळ लागतो. जमत नसेल तर रात्री ठाण्यात किंवा डोंबिवली-कल्याणला नातेवाइकांकडे राहणं रिक्षापेक्षा स्वस्त.

इंडिकेटरवर "कसारा" लिहिलेलं वाचूनच चढा. कल्याणनंतर दोन फाटे फुटतात. कर्जत-खोपोलीची गाडी वेगळीकडे जाते, आणि टिटवाळा किंवा आसनगाव लोकल योग्य दिशेने जाऊनही मध्येच संपते. आसनगावला उतरून पुढच्या कसारा लोकलची वाट बघत बसणारे दर शनिवारी दिसतात.

सावधान: लोकलचं तिकीट काढून मेल-एक्स्प्रेसमध्ये बसू नका. इगतपुरीला थेट एक्स्प्रेसने जायचं असेल तर तिचं वेगळं तिकीट काढा. लोकलचं जाण्या-येण्याचं रिटर्न तिकीट सकाळीच काढून ठेवा, संध्याकाळी कसाऱ्याच्या खिडकीवर रांग असते.

गाडीत शक्य तितकं झोपा. खर्डी गेलं की उठून बुटाच्या नाड्या बांधा, कसारा जवळ आलंय.

८. कसारा ते बारी: इथे डोकं शांत ठेवा

गाडी थांबताच सॅकवाल्यांचा लोंढा बाहेर धावतो. तुम्हीही बाहेर या, पण पहिल्या हाकेला "हो" म्हणू नका. जीपवाले "कळसूबाई, भंडारदरा, रतनगड" असं ओरडत असतात. तीन गोष्टी विचारा, याच क्रमाने.

पहिली, माणशी किती, आणि किती माणसं भरल्यावर गाडी निघणार. दुसरी, बारीपर्यंत सोडणार की मध्येच कुठे. तिसरी, संध्याकाळी परत कधी आणि परतीचं किती. दोन जणांना विचारलंत की भाव कळतो. फार घासाघीस करू नका, वीस-तीस रुपयांसाठी भरत आलेली गाडी सोडली तर पुढची भरेपर्यंत पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास माथ्यावरून कापला जातो.

एकट्याचा खरा फायदा इथे आहे: एक सीट कुठेही मावते. सहा-सात जणांचा ग्रुप पूर्ण गाडी ठरवत असेल तर सरळ जाऊन विचारा, "दादा, एक सीट आहे का? येता-जाता दोन्हीचे माझ्या वाटणीचे देतो." त्यांचाही खर्च कमी होतो, बहुतेक वेळा हो म्हणतात. मुलगी एकटी असेल तर ज्या ग्रुपमध्ये मुली किंवा कुटुंब आहे तोच निवडावा, त्यासाठी दहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. निघताना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो आणि ड्रायव्हरचा नंबर ताईला पाठवा.

परतीचे पैसे आगाऊ देऊ नका. वेळ आणि रक्कम ठरवा, नंबर घ्या, मिस्ड कॉल देऊन तो खरा आहे याची खात्री करा.

जीप नको असेल किंवा मिळाली नाही, तर घोटी गाठा. कसारा घाट चढून इगतपुरी आणि पुढे घोटी, सगळं महामार्गावर. घोटीहून बारी साधारण २५-३० किलोमीटर, भंडारदऱ्याच्या रस्त्यावर. घोटीच्या स्टँडवर एसटीची चौकशी करा, आणि पाटी काहीही असो, चढण्याआधी वाहकाला विचारा: "बारीवरून जाते का?" घोटीहून सिन्नरकडे जाणाऱ्या गाड्याही सुटतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना हा मार्ग जीपपेक्षा बराच स्वस्त पडतो. फेऱ्या मात्र मोजक्या.

तपासा: बारीत उतरल्यावर, चढायच्या आधी, रस्त्यावरच्या चहावाल्याला दोन प्रश्न. घोटीकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता? आणि संध्याकाळी इथून गाड्या कुठे थांबतात? त्याचं उत्तर इंटरनेटवरच्या कुठल्याही वेळापत्रकापेक्षा ताजं असतं.

९. चढाई

गावातून निघून घरं, शेतं आणि पायथ्याचं देवीचं मंदिर पार केलं की चढ सुरू होतो. पहिला तास मुद्दाम हळू चाला. शेजारच्याशी बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. सुरुवातीला धावणारे कॉलेजची पोरं पहिल्या शिडीपाशी दगडावर बसलेली भेटतात.

दर वीस मिनिटांनी चार घोट पाणी. तहान लागल्यावर अर्धी बाटली रिकामी करणं चूक. अर्ध्या वाटेवर पाणी निम्म्याहून कमी उरलं असेल तर टपरीवर लगेच भरून घ्या, वरची टपरी उघडी असेल असं धरू नका. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. डोंगरात रेंज शोधत बसलेला फोन दुपारपर्यंत संपतो.

वाट चुकण्याची भीती मळलेल्या वाटेवर फारशी नाही. चुकतात ते शॉर्टकट मारणारे. वळण तोडून सरळ गवतातून वर जाणारी बारीक पायवाट दिसली तर ती गुरांची किंवा गवत कापणाऱ्यांची समजा.

शिड्या

कातळाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत. लांबून भीती वाटते, जवळ गेल्यावर रुंद आणि भक्कम दिसतात. गडबड होते ती माणसांमुळे.

वर येणारे आणि खाली उतरणारे एकाच शिडीवर भेटतात. खाली थांबून वर बघा, उतरणारे संपू द्या, मग चढा. मध्ये कुणी घाई केली तर ती त्याची. दोन्ही हात कठड्यावर, फोन खिशात चेन लावून, चालण्याची काठी सॅकला बांधून. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तिन्ही पक्के. पुढच्या माणसात आणि तुमच्यात चार-पाच पायऱ्या सोडा. मागून कुणी "चला चला" करत असेल तर शिडी संपल्यावर बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्या, शिडीवरच बाजूला होऊ नका.

उतरताना उभ्या शिडीवर तोंड शिडीकडे करायचं. बरेच जण जिना उतरल्यासारखे तोंड दरीकडे करून उतरतात, सॅक पायरीला अडते आणि ती माणसाला पुढे ढकलते. उन्हात लोखंड तापतं. हात भाजतो म्हणून झटकन सोडण्यापेक्षा साधे सुती हातमोजे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

सावधान: पहिल्याच शिडीवर पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथूनच परत फिरा. पुढच्या शिड्या सोप्या नाहीत, आणि याच वाटेने उतरायचंय.

१०. माथा

शेवटच्या टप्प्याच्या खाली विहीर आणि थोडी सपाटी आहे. इथे घड्याळ बघा. सव्वाबारा झाले असतील तर निवांत, पावणेएक झाला असेल तर खाणं इथे न काढता वर जा, एक वाजून गेला असेल तर इथेच डबा उघडा आणि खाली उतरा.

वर छोटं मंदिर, भन्नाट वारा. भंडारदऱ्याचा जलाशय, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, हवा स्वच्छ असेल तर रतनगड आणि हरिश्चंद्रगडापर्यंत दिसतं. घाम अंगावर सुकण्याआधी विंडचीटर घाला. रेंज मिळाली तर ताईला एक मेसेज. सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करून मागे सरकू नका, फोटो दुसऱ्या कुणालातरी काढायला सांगा.

११. उतरण आणि परतीची गाडी

दीडला माथा सोडा. बूट काढून मोजे वर ओढा, नाड्या घट्ट बांधा, टाच मागे बसली पाहिजे. घसाऱ्यावर पाय आडवे टाकून, छोट्या पावलांनी. दमलेला माणूस उतारावर बसून घसरत जातो, त्यात पँट फाटते आणि तळवा सोलवटतो. गुडघ्यात कळ आली तर क्रेप बँडेज तेव्हाच बांधा, पायथ्याशी पोचल्यावर नव्हे.

साधारण निम्म्या उतारावर जीपवाल्याला फोन लावून बघा. लागला नाही तर रेंज येईल तिथे परत. वाटेत भेटलेल्या ग्रुपला "तुमची गाडी कसाऱ्याला का?" हे आत्ताच विचारून ठेवा. खाली पोचल्यावर सगळेच विचारत असतात.

बारीत पिठलं-भाकरी खायचा मोह होणारच. सकाळी जातानाच सांगून ठेवलं असेल तर ताट पंधरा मिनिटांत समोर येतं. आयत्या वेळी सांगितलंत तर चुलीवर भाकरी होईपर्यंत पाऊण तास, आणि तेवढ्यात ठरलेली जीप हॉर्न वाजवत असते. मग केळी आणि चहा.

गाडी चुकलीच तर क्रम असा: आधी रस्त्यावर येऊन घोटीकडे जाणारी एसटी किंवा शेअर गाडी. घोटीत पोचलात की अर्धं काम झालं, तिथून महामार्गावर ठाण्या-मुंबईकडच्या एसटी मिळतात आणि इगतपुरी स्टेशनही जवळ आहे. तेही अंधार पडेपर्यंत जमलं नाही तर एकट्याने अनोळखी खाजगी गाडीला हात करण्यापेक्षा बारीतच राहा. ती घडी घातलेली पाचशेची नोट यासाठीच होती. ताईला फोन करून मुक्काम कुठल्या घरी आहे ते सांगा आणि पहाटेच्या पहिल्या गाडीची चौकशी करून झोपा.

कसाऱ्याहून लोकल सुटताना डब्यात जागा असते, खिडकी मिळते. नवी मुंबईकरांनी तिथेच बसून ठाण्याहून आपली शेवटची ट्रान्सहार्बर किती वाजता आहे ते बघून घ्यावं, आणि जागा मिळाली म्हणून ठाण्यापर्यंत गाढ झोपू नये.